पाटीवरचं नाव, तोंडातलं नाव

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या वेळचे सगळे प्रश्न गोव्यातल्या गावांच्या उच्चारांचे आहेत. रोमन अक्षराचा उल्लेख करावा लागला तिथे एम, एक्स, सी-एच असं अक्षराचं नावच लिहिलं आहे.

प्रश्न : मडगावच्या रेल्वे स्टेशनवर रोमन लिपीतही 'मडगाव' असंच वाचता येतं. नकाशावर आणि दुकानांवर मात्र त्याच शहराच्या नावात आर असतो आणि लोक 'मार्गाओ' म्हणतात. खरं काय, ड की र? (वाचक, नावेली)

ड खरा. र ही पोर्तुगीज कानाने केलेली तडजोड आहे.

मराठीत आपण ड एकच लिहितो, पण उच्चार दोन करतो. 'डबा', 'अंडं', 'थंडी' म्हणताना जिभेचं टोक टाळूला टेकून क्षणभर थांबतं. 'वडा', 'गाडी', 'घोडा' म्हणताना ते थांबत नाही, टाळूला फटकारून खाली येतं. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला ड असा फटकाऱ्याचा असतो. हिंदीत त्याला खाली टिंब देतात. मराठीला त्याची गरज भासली नाही. पोर्तुगीज भाषेत ट, ड, ण, ळ ही मूर्धन्य, म्हणजे जीभ मागे वळवून टाळूला लावायची, व्यंजनंच नाहीत. त्यामुळे फटकाऱ्याचा ड ऐकणाऱ्याला र च्या जवळचा वाटला आणि दप्तरात आर पडला. मडगाव, चोडण, दिवाडी, पेडणे, कुडचडे, कुडतरी, हडफडे, मयडे, अस्नोडा या सगळ्यांच्या रोमन नावांत ड च्या जागी आर आहे. हडफडे आणि कुडचडे यांत तर दोन-दोनदा.

याची उलटतपासणीही करता येते. अनुस्वारानंतरचा ड थांबून येतो, म्हणून तो पोर्तुगीजांना नीट ऐकू आला. मांडवी, फोंडा, खांडेपार यांच्या रोमन नावांत डी शाबूत आहे.

तेव्हा अनोळखी गावाच्या रोमन नावात दोन स्वरांमध्ये आर दिसला, की तिथे ड असण्याचा संशय घ्यावा. निव्वळ संशय, कारण बोरी, केरी, वेरे यांतला र खराच र आहे. खात्री करायची असेल तर गावाच्या नावावरून पडलेलं आडनाव आठवून पाहा. चोडणकर, पेडणेकर, असनोडकर, हरमलकर, लोलयेकर ही आडनावं पोर्तुगीज लेखणीच्या वाटेला न जाता तोंडातोंडी चालत आली, त्यामुळे व्यंजनं त्यांत टिकली. शेवटाचा मात्र भरवसा धरू नका. हळदोण्याचा माणूस हळदणकर होतो. त्यातल्या ह, ळ आणि ण वर विश्वास ठेवावा, स्वरांवर नव्हे.

'मार्गाओ'तला शेवटचा 'आओ' ही आणखी एक गंमत. पोर्तुगीज लेखनात त्या ए वर लहरीची खूण असते आणि उच्चार नाकातून 'आंव' असा होतो, म्हणजे आपल्या 'गाव'च्या बराच जवळ. इंग्रजी लेखनात लहर गळाली आणि उघडा 'आओ' उरला. कोकण रेल्वेने काही ठिकाणी हा घोळ टाळून स्टेशनचं रोमन नावच बोलीला धरून लिहिलं. करमळी स्टेशनही तसंच. त्या गावाचं जुनं रोमन नाव वाचलं तर 'कारांबोलिम' होतं आणि ते करमळीच असेल अशी शंकाही येत नाही.

प्रश्न : सूत्रसंचालन करताना 'मांद्रेम', 'पेर्नेम' म्हटलं की गावकरी हसतात. रस्त्याच्या पाटीवर देवनागरीत 'मांद्रें' असं टिंब असतं, शाळेच्या फलकावर ते नसतं. कोणतं बरोबर आणि टिंबाचा उच्चार कसा करायचा? (महाविद्यालयीन विद्यार्थिनी, पेडणे)

गावकऱ्यांचं हसणं रास्त आहे. पोर्तुगीज लेखनात शब्दाच्या शेवटी येणारा एम हे व्यंजन नसतंच. आधीचा स्वर नाकातून काढा, एवढंच तो सांगतो. तिथे ओठ मिटायचे नसतात.

कोकणीत या गावांची नावं नपुंसकलिंगी आणि शेवटी 'एं' असलेली आहेत : पेडणें, मांद्रें, केपें, सांगें, हळदोणें. जुन्या मराठीतही ती अशीच लिहिली जात. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी मराठीतले अनुच्चारित अनुस्वार काढले, तेव्हा 'पेडणें'चं 'पेडणे' झालं. कोकणीत अनुस्वार उच्चारला जातो, म्हणून तो लिहिलाही जातो. १९८७च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी ही गोव्याची राजभाषा आहे आणि सरकारी कामात मराठीच्या वापरालाही मुभा आहे. रस्त्याची पाटी कोकणी, फलक मराठी; दोन्ही आपापल्या जागी बरोबर. मराठी निवेदनात 'मांद्रे', कोकणी निवेदनात 'मांद्रें'. एम दोन्हींत नाही.

आता नाकातला एं. आधी साधं 'मांद्रे' म्हणा आणि शेवटचा ए लांबवत नाक चिमटीत धरा. आवाजात फरक पडणार नाही, कारण हवा तोंडातूनच जाते आहे. आता 'हं' म्हणताना नाकात जी गुंज येते ती तोंड उघडं ठेवूनच त्या ए मध्ये आणा आणि पुन्हा नाक धरा. आवाज कोंडला तर स्वर नाकातून येतो आहे. सराव आरशासमोर करावा. ओठ एकमेकांना लागले तर म आला. ओठ उघडे आहेत पण जीभ वर चिकटली तर न किंवा ङ आला. सुरुवातीला बहुतेकांचा न येतो. तेव्हा जिभेचं टोक खालच्या दातांमागे टेकवून ठेवलं की ते वर जात नाही.

ज्या रोमन नावांच्या शेवटी आय-एम आहे, तिथेही हाच न्याय : मोरजी, थिवी, कांदोळी, बाणावली, साखळी. साखळीच्या रोमन नावात तर मध्ये एक एन सुद्धा घुसला आहे. तो सोडून द्यायचा. सिकेरीतलाही.

पाहुण्यांचा गोंधळ टाळायचा असेल तर पडद्यावर रोमन नाव दाखवा आणि तोंडाने गावाचं नाव घ्या.

प्रश्न : इंग्रजी बातम्यांवरून मराठी मजकूर करण्याचं काम नव्याने लागलं आहे. 'पोर्वोरिम', 'झुआरी', 'मापुसा', 'अंजुना' असं लिहिलं की वरिष्ठ खोडतात. रोमनवरून मराठी नाव काढण्याचे काही नियम आहेत का? (वाचक, पर्वरी)

पहिला नियम असा, की काढायचं नाही. या गावांना मराठी नावं आधीपासून आहेत. रोमन लेखन त्यांच्यावरून झालं. रोमनवरून पुन्हा मराठी करणं म्हणजे चहाच्या चोथ्यातून चहा करणं. तालुक्याच्या गावांची यादी करून टेबलावर लावा. तरीही अक्षरं कुठे घसरली हे माहीत असलं की ओळखायला सोपं जातं, म्हणून थोडं सविस्तर.

*ओ.* गोव्यातल्या कोकणीत अ म्हणताना ओठ किंचित गोल होतात. रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोकणीत 'घर' लिहितानाही मध्ये ओ घालतात तो यामुळे. तुमच्या पर्वरीच्या रोमन नावातले दोन्ही ओ हे असे गोल अ आहेत. मांडवीच्या मधला आणि कुंकळीतला ओ तसाच. शिवोली, डिचोली, कांदोळी यांत मात्र ओ खराच. (डिचोलीच्या रोमन नावाची सुरुवात बी ने होते. तिथे नियम शोधू नका, पाठ करा.)

*झेड.* मराठीत ज दोन आहेत. 'जीवन'मधला तालव्य, 'जुना' आणि 'जांभूळ' यांतला दंततालव्य. हा दुसरा ज पोर्तुगीज लेखनिकाला झेडच्या जवळचा वाटला. जांबावली आणि जुवारी रोमनमध्ये झेडने लिहिल्या जातात त्या यामुळे. पुढे कोणीतरी झेडचा झ केला आणि मराठी वर्तमानपत्रांत 'झुआरी' रुजली. नदीला जुवारी म्हणावं असं आमचं मत. कंपनीच्या किंवा पुलाच्या अधिकृत नावात 'झुआरी' असेल तर तिथे हात लावू नये.

*एक्स.* पोर्तुगीजात याचा उच्चार बहुधा श. ओशेल आणि शेल्डे यांच्या रोमन नावांत एक्स आहे. 'ऑक्सेल' असं छापलेलं दिसलं तर लाल शाई वापरावी.

*सी-एच.* हे सगळ्यांत फसवं. सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीजात याचा उच्चार च होता, नंतर लिस्बनकडे तो श झाला. गोव्यात दोन्ही सापडतात. चोडण, चांदर, चिंचिणी, कुडचडे यांत च. शापोरा आणि राशोल यांत श. राशोलला मराठी लेखनात रायतूर असंही नाव आहे. इथे नियम चालत नाही, नावागणिक लक्षात ठेवावं लागतं.

*ह आणि महाप्राण.* पोर्तुगीजात एच मुका, आणि ख, ठ, थ, फ असे महाप्राण नाहीत. म्हणून हणजूण (तुमचं 'अंजुना'), हळदोणे, हरमल, हडफडे यांचा सुरुवातीचा ह रोमनमध्ये गेला. साखळीचा ख, थिवीचा थ, फोंड्याचा फ यांचीही तीच गत. रोमन नाव स्वराने सुरू होत असेल तर आधी एखादा ह गळाला आहे का ते पाहावं. आसगाव, असोळणा यांत मात्र काही गळालेलं नाही.

*म्हापसा.* इथे दोन अपघात झाले. म्ह चा ह गेला, आणि स साठी पोर्तुगीज लेखनात खाली शेपूट असलेला सी होता, ते शेपूट जाऊन पुढे एस आला. शिवाय मूळ लेखनात शेवटच्या ए वर आघाताची खूण होती, तीही गेली. म्हणून परका माणूस 'मापूऽसा' असा मधला स्वर ताणतो. मराठी उच्चारात मधला प जवळपास हलन्त आहे आणि वजन शेवटच्या सा वर : म्हाप्-सा. म्हार्दोळच्या म्ह चंही असंच. म आणि ह वेगवेगळे काढू नयेत, 'म्हण' किंवा 'म्हैस' म्हणताना येतो तसा एका झटक्यात.

नाव बरोबर लिहूनही प्रत्यय लावताना बाहेरचेपण उघडं पडतं. 'म्हापसामध्ये' कोणी म्हणत नाही, 'म्हापशात' म्हणतात. फोंडा : फोंड्याला. पेडणे : पेडण्यात. केपे : केप्यात. सांगे : सांग्याला. कुडचडे : कुडचड्यात. हळदोणे : हळदोण्याचा. जुने गोवे : जुन्या गोव्यात. ईकारान्त नावं बदलत नाहीत : पणजीत, साखळीला, वाळपईत. वास्कोचंही सामान्यरूप होत नाही, वास्कोत.

प्रश्न : केपे, सांगे आणि लोटली यांचे परप्रांतीय चालक 'क्वेपेम', 'सांग्वेम', 'लाऊटोलिम' असे उच्चार करतात. त्यांना चटकन काय सांगावं? (वाचक, केपे)

क्यू आणि जी नंतरचा यू हा ई आणि आय या अक्षरांच्या आधी मुका असतो, तो फक्त क आणि ग कडक ठेवायला येतो. केपे, सांगे, गिरी. ओ-यू ही जोडी म्हणजे साधा ओ, म्हणून लोटली.

प्रश्न : पणजीत पर्यटकांना जुन्या वस्त्या दाखवतो. 'फॉन्टेनहास' म्हटलं की पोर्तुगालचे पाहुणे चपापतात. त्यांच्यासारखं म्हणायचं तर कसं? आणि म्हणावं का? (मार्गदर्शक, पणजी)

एन-एच ही जोडी म्हणजे ञ. मराठीत तो सुटा येत नाही, पण 'पंचमी'तल्या अनुस्वारात ऐकू येतो. जिभेचं टोक खालच्या दातांपाशी सोडून तिचा मधला भाग टाळूला चिकटवा आणि नाकातून आवाज काढा. ते कठीण जात असेल तर 'न्याय'मधला न्य पुरेसा जवळचा आहे. शब्दाच्या शेवटचा एस पोर्तुगालच्या बोलीत श होतो. तर 'फोंताइन्याश', जोर 'इ' वर. त मराठी 'ताक'मधला घ्यावा. पोर्तुगीज टी-डी हे आपल्या त-द सारखे दंत्य आहेत, ट-ड नव्हेत. 'दोना पावला' असं आपण म्हणतो ते या बाबतीत अगदी बरोबर आहे.

शेवटी येणारा ओ, त्यावर जोर नसेल तर, उ कडे झुकतो. म्हणून 'पेद्रु'. ओढ्याकाठची ती रुआ (रस्ता) 'द ओरें', एम तिथेही मुका. एल-एच ही जोडी ल्य सारखी, 'कल्याण' भरभर म्हणताना येते तशी.

म्हणावं का, याचं उत्तर पाहुण्यावर अवलंबून आहे. लिस्बनहून आलेल्यांना एकदा त्यांच्या पद्धतीने सांगावं आणि पुढे पणजीकर म्हणतात तसं म्हणावं. पणजीच्या टेकडीवरच्या वस्तीचा 'आल्तिन्यु' हा उच्चार निर्दोष आहे, पण त्या नावाने पत्ता विचारला तर टेकडीखालचा रिक्षावाला तुमच्याकडे बघत राहील. त्याला 'आल्तिनो' हवं.

आडनावांचं आणखी नाजूक. सी-ए-आर-व्ही-ए-एल-एच-ओ हे पोर्तुगालात 'कार्वाल्यु', गोव्यात बहुतेक घरी 'कार्वालो'. मराठी छापात दिसणारं 'सिक्वेरा' तर वर सांगितलेल्या मुक्या यू चं भूत आहे. पोर्तुगीज उच्चार 'सेकेइरा'. पण आडनाव ज्याचं त्याला विचारावं आणि तो सांगेल ते घ्यावं.

प्रश्न : आम्ही गोव्याबाहेरून आलो. दोन्ही मुलं 'साखली', 'कलंगुट', 'ताल्गाव' म्हणतात. ळ कसा शिकवायचा? (पालक, वास्को)

ळ ची जागा सापडली की निम्मं काम झालं, आणि ती ण ने सापडते. मुलाला 'बाण' म्हणून ण लांबवायला सांगा. जिभेचं टोक मागे वळून टाळूच्या चढावर टेकलं असेल. ते तिथेच ठेवून जिभेच्या दोन्ही कडा सैल करायच्या, म्हणजे हवा गालांच्या बाजूंनी सुटेल. मग टोक पुढे झटकायचं. 'बाण'चा 'बाळ' होतो.

चुका ठरलेल्या असतात. टोक दातांपाशी गेलं की ल. जागा बरोबर पण कडा घट्ट राहिल्या की ड. टोक पुरतं न टेकता नुसतं हललं की र. चूक कोणती आहे ते आधी ऐका, कारण ल म्हणणाऱ्याला 'जीभ मागे घे' सांगायचं असतं आणि ड म्हणणाऱ्याला 'कडा सोड'. दोघांनाही 'नीट म्हण' सांगून उपयोग होत नाही.

सुरुवात दोन स्वरांमधल्या ळ ने करावी : आळा, इळा, उळा, असे सुटे तुकडे चालतात. मग जोड्या : गाल-गाळ, माल-माळ, वेल-वेळ, कल-कळ. मुलाने डोळे मिटून तुम्ही कोणता शब्द म्हटलात ते आधी ओळखावं. फरक कानाला कळला नाही तर जिभेला जमत नाही. त्यानंतर गावं, सोप्यापासून : कुळे, साखळी, ताळगाव, साळगाव, कळंगुट, हळदोणे, मग दोनदा ळ असलेलं पाळोळे, आणि सरतेशेवटी जोडाक्षराचं बाळ्ळी. बाळ्ळीत टोक टेकल्यावर अंमळ थांबून झटकायचं. दिवसाला पाच मिनिटं पुरेत. जीभ थकली की पुन्हा ल वर येते आणि चुकीचाच सराव होतो.

एक धोका लक्षात ठेवा. ळ जमला की मुलं तो सगळीकडे घालतात. कोलवा, शिवोली, डिचोली, नावेली, बाणावली यांत ल आहे. रोमन पाटी इथे कामाची नाही, तिच्यात दोन्हींना एकच एल. चारशे वर्षांपूर्वी हा फरक रोमन लिपीत दाखवणारे लोक गोव्यातच होते : १६१६ साली प्रथम छापल्या गेलेल्या ख्रिस्तपुराणात थॉमस स्टीफन्सने मराठी रोमन अक्षरांत लिहिली आणि ळ साठी दोन एल वापरले. रोमी कोकणीत ती रीत आजही आहे. गावांच्या रोमन नावांत तेवढी ती उतरली नाही.

प्रश्न : 'गोवा वेल्हा' आणि 'वेल्हा गोवा' एकच का? (वाचक, सावंतवाडी)

नाही, आणि बस चुकते ती इथेच. वेल्हा म्हणजे पोर्तुगीजात जुनी, म्हणून अर्थ दोन्हींचा एकच. पण गोवा वेल्हा हे पणजी-मडगाव रस्त्यावरचं गाव, कदंबांच्या गोपकपट्टण बंदराच्या परिसरातलं. वेल्हा गोवा म्हणजे पोर्तुगीजांची जुनी राजधानी, पणजी-फोंडा रस्त्यावर, जिथे बॉं जेजूची बासिलिका आहे (तिथल्याही 'बॉम'चा म म्हणायचा नाही). वेल्हा मधला ह हा एल-एच वाचताना मराठीत आला, पोर्तुगीज उच्चार 'वेल्या' च्या जवळ जातो. पण मराठीत आता वेल्हाच रूढ आहे, ते बदलू नये. चर्चपाशी उतरायचं असेल तर कंडक्टरला 'जुने गोवे' किंवा 'ओल्ड गोवा' सांगा. 'वेल्हा' हा शब्द काढलात तर तो तुम्हाला मडगावच्या बसमध्ये बसवेल.